ऐरोलीच्या गेटवरचा फ्लेक्स

आमच्या दादांचा फ्लेक्सवर फार विश्वास. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचा पोरगा दहावी पास होवो, कुणाच्या मुलीला पोलिसात नोकरी लागो, दादा मोबाईल काढून फ्लेक्सवाल्याला फोन लावणारच. मी त्यांच्या कंपनीत रुजू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात माझा पासपोर्ट साइज फोटो दाराएवढा होऊन लटकला होता, आणि खाली 'हार्दिक स्वागत'. अर्जाला जोडलेला फोटो तो, डोळे अर्धे मिटलेले. मी संतापून तो उतरवायला लावला. बाईंना एवढं रागवायला काय झालं, ते दादांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दादा म्हणजे आमचे मालक. बेलापूरच्या खाडीकडच्या एका जुन्या गावातले. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन खारघरच्या फ्लॅटमध्ये आले, उमेदीची वर्षं मोठ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत घालवली, तिथल्या मीटिंगांना विटले आणि दादांच्या या चिमुकल्या कंपनीत मॅनेजर म्हणून येऊन पडले. माझ्या नवऱ्याला हे कधीच पटलं नाही. तो दादांच्या कंपनीला 'तुमची ती ग्रामपंचायत' म्हणायचा.

आमचं काम सांगायला सोपं होतं. तुम्ही एखाद्या हॉस्पिटलला फोन लावता, डॉक्टर कधी भेटतील विचारता आणि पलीकडून एक बाई मराठीत उत्तर देते. ती बाई म्हणजे सॉफ्टवेअर. ते ऐरोलीतल्या एका मोठ्या कंपनीचं. ते इथल्या हॉस्पिटलांना, पतपेढ्यांना, एपीएमसीतल्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसांना बसवून देणं, इथली माणसं कशी बोलतात ते त्याला शिकवणं आणि बिघडलं की धावत जाणं, एवढं आमच्याकडे. ऐरोलीवाल्यांनी हात काढून घेतला तर आमच्याकडे काय उरणार? खुर्च्या, एसी आणि दादांचा स्वभाव.

पण ऐरोलीवाले हात काढून घेतील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण आम्ही त्यांचे पार्टनर होतो. हा शब्द दादा ज्या तऱ्हेने उच्चारायचे, ते ऐकायला हवं होतं. नवीन माणूस भेटला की आधी गाव सांगायचे, मग बापाचं नाव, आणि मग थोडं थांबून, 'ऐरोलीच्या कंपनीचा पार्टनर.'

त्यामागे कारण होतं. हे शहर ज्या गावांच्या जमिनींवर उभं राहिलं त्यातलं एक गाव दादांचं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी इमारत बांधली, तिच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. पण शहरातल्या काचेच्या इमारतींमध्ये गावातल्या माणसाला काम मिळालं ते गेटपर्यंतच. सिक्युरिटी, हाउसकीपिंग, भंगार, माती, पाणी. दादांचा धंदा पाण्याचा होता. टँकर चालवायचे. मागच्या गेटाने आत जायचं, टाकीत पाइप सोडायचा, टाकी भरेपर्यंत केबिनमधून खाली उतरायचं नाही, असा गार्डचा नियम. हे ते हसत सांगायचे, पण सांगायचे वारंवार.

ऐरोलीची ती कंपनी नवीन होती तेव्हाची गोष्ट. भर उन्हाळ्यात पाणी गेलं आणि कंपनीचे संस्थापक साहेब स्वतः खाली येऊन टँकरची वाट बघत उभे राहिले. दादांशी गप्पा झाल्या. बेलापूरपासून वाशीपर्यंत कुठल्या हॉस्पिटलचा ट्रस्टी कोण, कुठल्या पतपेढीचा चेअरमन कुणाचा जावई, हे सगळं या टँकरवाल्याला तोंडपाठ आहे, हे साहेबांच्या ध्यानात आलं. साहेब हुशार होतेच. म्हणाले, "दादा, तुम्ही पाणी कसलं पोचवताय? आमचं सॉफ्टवेअर पोचवा. पार्टनर व्हा." टँकर धाकट्या भावाकडे देऊन दादा पार्टनर झाले. पहिल्यांदा पार्टनरांच्या वार्षिक संमेलनाला गेले तेव्हा पुढच्या गेटाने गेले. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र घालून परत आले ते थेट गावदेवीच्या देवळात. कंपनीने दिलेली शील्ड देवीपुढे ठेवली, नारळ फोडला. गावातल्या निम्म्या लोकांना वाटलं, दादा निवडून आले. ते ओळखपत्र पुढे कायम त्यांच्या गाडीच्या आरशाला लटकलेलं असायचं, शेवंतीच्या वेणीशेजारी.

एका शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही बसलो होतो आणि पार्टनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी येऊन आदळली. संस्थापक साहेबांना संचालक मंडळाने काढून टाकलं. कारण काय, तर त्यांच्यावर विश्वास उरला नाही. त्यांच्या जागी हंगामी म्हणून हिशेबखात्याच्या प्रमुख बाईंना बसवलं.

दादा माझ्या टेबलाशी आले. चेहरा उतरला होता. "म्याडम, साहेबांना काढला म्हन्तात. त्यांचीच कंपनी ना ती? मानसाला त्याच्याच घरातून कसा काढतात?"

मी समजावलं. कंपनी काढली त्यांनी, पण पैसा दुसऱ्यांचा, आणि संचालक मंडळाला तसा अधिकार असतो.

"मंग आमच्या सोसायटीच्या चेअरमनला पन असाच काढता येल?"

एवढ्या घोरातही मला हसू आलं. पण लगेच फोन सुरू झाले. हॉस्पिटलच्या ट्रस्टींनी विचारलं, सोमवारी आमचा फोन चालू राहील ना? पतपेढीच्या मॅनेजरने विचारलं, पुढच्या वर्षाचं काय? मी सगळ्यांना सांगत होते की काही बदलणार नाही. खरं तर मला काडीचंही माहीत नव्हतं. ऐरोलीत आमच्यासाठी नेमलेली एक पार्टनर मॅनेजर होती, तिशीची, चटपटीत मुलगी. दादांच्या घरी येऊन तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाऊन गेलेली. तिला फोन केला तर ती कुजबुजत म्हणाली, "मॅडम, आम्हालाच काही कळत नाहीये." मला तिचा रागच आला, पण तिची काय चूक होती?

दादांनी शनिवार-रविवार विचारात काढला. साहेबांसाठी ते खरोखरच हळहळत होते. पण त्यांच्या ऑफिसात गावातलीच पोरंपोरी कामाला होती, कुणाचं नुकतंच लग्न ठरलेलं, कुणी फ्लॅट बुक केलेला. सगळ्यांची घरं या पार्टनरकीवर चालत होती. सोमवारी सकाळी आले ते हातात पिशवी घेऊनच. पिशवीत शाल, नारळ, गुच्छ.

"नवीन बाईंचा सत्कार करून येऊ," म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, ही कंपनी आहे, वॉर्ड नाही. दोन दिवस थांबा. काय होतंय बघू."

"तुमी थांबा बोलता, पन आमच्याकडे नगरसेवक बदलला की पयला हार घालतो त्याचाच नाव ध्यानात ऱ्हातो. दुसऱ्या-तिसऱ्याचा कोन बघतो? तिकडे पन मानसंच बसलीत ना?"

मोठ्या कंपन्यांतली माणसंही असंच करतात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त ती शाल-नारळ नेत नाहीत, लंच ठरवतात.

आम्ही गेलो. पुढच्या गेटाने. दादांनी ओळखपत्र आरशावरून काढून गळ्यात घातलं होतं. नारळ तपासणीच्या मशीनमधून गेला, तरी गार्डने तो कानाशी धरून हलवून पाहिला. नवीन बाई बंगळूरच्या, मराठीचा गंध नाही. आम्हाला आत का सोडलं ते त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. दादांनी शाल पांघरली तेव्हा हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजेना. नारळ मात्र त्यांनी नीट दोन्ही हातांत धरला. "सो स्वीट," म्हणाल्या, आणि मग हलक्या आवाजात मला इंग्रजीत विचारलं, की आपण कोण?

मी म्हटलं, पार्टनर.

"ऑफ कोर्स," त्या म्हणाल्या. फोटो मीच काढला.

संध्याकाळच्या आत तो फोटो पार्टनरांच्या ग्रुपवर गेला आणि तिथल्या सगळ्या शहाण्यांनी शाबासकीचे अंगठे टाकले. मुलुंडच्या एका पार्टनरने मला खासगीत विचारलं, शाल कुठून घेतली? आणि कंपनीच्या गेटासमोर, रस्त्याच्या कडेच्या दोन खांबांना बांधून, दादांचा फ्लेक्स लागला. बाईंचा मोठा फोटो, कोपऱ्यात गावदेवी, खाली हात जोडलेले दादा. मजकूर फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो, त्याने फक्त नाव बदललं. म्हणून हिशेबखात्यातून वर आलेल्या त्या बाई आमच्या फ्लेक्सवर 'नवनिर्वाचित' होत्या आणि त्यांना 'जनसेवेच्या वाटचालीस' शुभेच्छा होत्या.

आठवडा पुरता उलटायच्या आत साहेब परत आले. आतल्या लोकांनी काम बंद ठेवलं होतं, ज्यांचा पैसा होता ते घाबरले होते, आणि संचालक मंडळातलीच काही माणसं गेली. मोठ्या जगात काय उलथापालथ झाली ते पेपरात भरपूर आलं. आम्ही मात्र ते ऑफिसातल्या टीव्हीवर पाहिलं. ऐरोलीच्या गेटसमोर बातमीदार उभा होता, साहेब थोड्याच वेळात पोचणार असं ओरडून सांगत होता, आणि त्याच्या खांद्यामागे, वाऱ्याने फुगत, दादा हात जोडून उभे होते. 'नवनिर्वाचित' हा शब्द तर अख्खा वाचता येत होता.

ऑफिसात कुणी हसलं नाही. पोरं टेबलाकडे बघत राहिली. दादा उठले, ड्रॉवरमधला कटर घेतला आणि निघाले. मीही मागे धावले, गाडीत बसले. वाटेत एका सिग्नलला म्हणाले, "त्यांनी मना उभा केला, म्याडम. आनि मी काय केला?"

आम्ही पोचलो तोवर साहेबांची गाडी आत गेली होती. त्याच फ्लेक्ससमोरून गेली असणार, दुसरा रस्ताच नाही. पन्नाशी ओलांडलेले, जाडजूड दादा कॅमेऱ्यांच्या गर्दीत खांबाला धरून उभे राहिले आणि दोऱ्या कापायला लागले. मी दुसरी बाजू धरली. बाईंचा फोटो दुमडून आत घेतला, मग देवीचा, आणि ती गुंडाळी गाडीच्या मागच्या सीटवर टाकली. मला त्या दिवशी दादांची लाज वाटली नाही. सगळ्या ऐरोलीची चीड आली.

दुसऱ्या दिवशी दुसरी शाल. या वेळी मी अडवलं नाही. लॉबीत आतल्या माणसांची गर्दी होती, साहेब एकेकाला मिठी मारत पुढे सरकत होते, डोळे सुजलेले, आवाज बसलेला. दादांनी शाल घातली. साहेबांनी त्यांनाही मिठी मारली, पाठीवर थोपटलं, "थँक यू सर, थँक यू सो मच" म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. मला हायसं वाटलं. राग दिसला नाही, मिठी मिळाली, झालं. पण दादा बाहेर येऊन गाडीत बसले आणि गाडी सुरूच करेनात.

"मना सर बोलले," ते म्हणाले. "साहेब मना दादा बोलायचे."

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत, कारण त्यात काही घडायचंच नाही. तिमाही मीटिंग पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, मग कुणी तिचा विषय काढेना. वार्षिक संमेलनाचं आमंत्रण आलं नाही. आमची ती चटपटीत मुलगी नोकरी सोडून गेली. तिच्या जागी माणूस आला नाही, एक ईमेलचा पत्ता आला. मी त्या पत्त्यावर लिहायची आणि उत्तर यायचं की तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. असं वाक्य मी आमच्या बोलणाऱ्या बाईला कधी म्हणू दिलं नसतं.

मग पेपरात आलं की ऐरोलीच्या कंपनीने परदेशातल्या एका अवाढव्य कंपनीशी करार केला आहे आणि यापुढे तिचं सॉफ्टवेअर सगळीकडे त्यांच्यामार्फतच मिळेल. फोटोत साहेब त्या कंपनीच्या माणसाशी हात मिळवत होते. परत येण्यासाठी त्यांना काय काय कबूल करावं लागलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मी बातमी दादांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "पन आपला पार्टनरचा वेगला हाय ना?" मी म्हटलं, बघू या.

एका सकाळी पार्टनरांच्या पोर्टलवर लॉग-इन होईना. पासवर्ड चुकला असेल म्हणून ऑफिसातल्या एका मुलीने पुन्हा टाकला, मग मी टाकला. पोर्टल म्हणालं, या नावाचा कुणी इथे नाही. थोड्या वेळाने खारघरच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलातून रिसेप्शनिस्टचा फोन आला, "मॅडम, तुमची बाई बोलत नाहीये." मी माझ्या मोबाईलवरून तो नंबर लावला. रिंग वाजत राहिली. त्या बाईला आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तापाने फणफणलेलं बाळ घेऊन फोन करणारी आई धड वाक्य बोलत नाही, तरी तिला काय हवंय ते ओळखायचं. गावातली म्हातारी "डाक्टर हाय का?" एवढंच विचारून गप्प बसते, तिला वेळ द्यायचा. सगळं शिकवलं आम्ही आणि राहिलं त्यांच्या मशीनमध्ये. मी रिंग वाजू दिली आणि टेबलावर डोकं टेकून रडले. पोरांनी पाहिलं तर पाहू दे म्हटलं.

हॉस्पिटलांनी नाइलाजाने त्या अवाढव्य कंपनीच्या माणसांशी बोलणी सुरू केली. एक ट्रस्टी स्वतः येऊन दादांना तसं सांगून गेले, भला माणूस. दादा कुणावर चिडले नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच होतं.

"फ्लेक्समुले झाला हा," ते म्हणायचे. चहा पिताना, गाडी चालवताना, मध्येच. "टीवीवर बघितला असंल त्यांनी. मी त्यांच्या जागेवर असतो तर मी पन रागावलो असतो." माफी मागायला ऐरोलीला जायचं, असं त्यांनी ठरवलं. अपॉइंटमेंट मिळेना. तसेच गेले. रिसेप्शनवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहून विचारलं, कुठल्या कंपनीतून? त्यांनी ओळखपत्र दाखवलं. ती म्हणाली, सर, हे आता चालत नाही. लॉबीतल्या सोफ्यावर दुपारभर बसून ते परत आले.

मला ते बघवेना. मी त्या चटपटीत मुलीला शोधून काढलं. ती आता दुसरीकडे होती. वाशीला स्टेशनसमोरच्या मॉलमध्ये कॉफी प्यायला भेटलो. मी सरळ विचारलं, की त्या फ्लेक्सवरून साहेबांच्या मनात इतकं बसलंय का? दादांनी कुणाला भेटावं, काय बोलावं, काही मार्ग असेल तर सांग.

तिने विचारलं, "कुठला फ्लेक्स?"

मी मोबाईलवर फोटो दाखवला. ती आधी खूप हसली. मग माझ्याकडे बघून थांबली.

"मॅडम, हे कुणीच पाहिलं नाही हो. मी स्वतः रोज त्या गेटाने जात होते, मला आठवतही नाही. आणि पार्टनरांचं ठरलं ते नावावरून नाही ठरलं. एका साइजच्या खालचे सगळे एकदम बंद केले. कुणी एकेक नाव वाचलंसुद्धा नाही."

"पण सोमवारी नव्या बाईंना शाल घातली, त्याचा फोटो ग्रुपवर होता."

"त्या ग्रुपवर कंपनीतली मीच एकटी होते. मी म्यूट करून ठेवला होता."

ती खोटं बोलत नव्हती. तिला वाटलं, मी हे ऐकून सुटकेचा श्वास टाकीन. मला मात्र तिथून उठून कुणाला तरी चार शिव्या द्याव्यात असं वाटत होतं, आणि कुणाला द्यायच्या ते कळत नव्हतं. दादांनी घातलेल्या दोन शाली, कापलेल्या दोऱ्या, टीव्हीसमोरची ती शरम, यातलं काहीही त्या इमारतीत कुणाच्या गावी नव्हतं. आम्हाला कुणी शिक्षा केली नव्हती. आम्ही तिथे नव्हतोच.

दुसऱ्या दिवशी मी दादांना सगळं सांगितलं. मला वाटलं, मनावरचं ओझं तरी उतरेल. ते खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

"राग नाय? जरा पन नाय?"

"नाही, दादा. त्यांना माहीतच नाही."

दादा माझ्याकडे वळले, आणि लहान मुलाची समजूत काढावी तसं बोलले. "ती पोर चांगली हाय. तुमाला बरा वाटावा म्हनून बोलली. पन साहेब रागावलेत, म्याडम. रागावलेत म्हंजे इसरले नाय."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांच्याकडे तेवढं एकच उरलं होतं आणि ते काढून घेऊन त्या जागी मी काय ठेवणार होते?

पोरं एकेक करून गेली. कुणी महापेला कॉल सेंटरला लागलं, कुणी गाडी घेऊन ॲपवर चालवायला लागलं. ज्याचं लग्न ठरलं होतं त्याचं मोडलं. प्रत्येक जण जाताना दादांच्या पाया पडायचा आणि दादा म्हणायचे, "चालू झाला की बोलावतो." मीही दुसरीकडे मुलाखती देत होते. माझ्या वयाच्या बाईला कुणी नको म्हणत नाही, फक्त नंतर फोन करत नाही. खुर्च्या बऱ्याचशा विकल्या. देवीपुढून आणलेली शील्ड ऑफिसच्या भिंतीवर तशीच होती, दादा रोज सकाळी आले की तिच्यावर फडका मारायचे.

उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही दोघंच होतो. पंखा तेवढा चालू होता. दादांचा मोबाईल वाजला, त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि ताडकन उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. "ऐरोली," एवढंच म्हणाले आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. खोटं कशाला सांगू, एका क्षणापुरता मीही त्या रागावर विश्वास ठेवला.

पलीकडे कुणीतरी ॲडमिनचा माणूस होता. हिंदीत बोलत होता, घाईत. पाण्याची लाइन फुटलीय, टाकी कोरडी पडलीय, जुन्या फाइलमध्ये हा नंबर मिळाला, टँकर मिळेल का?

मला वाटलं, दादा फोन ठेवतील. निदान म्हणतील की तो धंदा आता भावाचा, हा त्याचा नंबर.

"हां साहेब," ते म्हणाले. "आत्ता भेजता हूं. मैं खुद लेके आता हूं."

भावाला फोन करून त्यांनी टँकर मागवला. तो येईपर्यंत जिन्यात येरझाऱ्या घातल्या. मग खाली जाऊन गाडीच्या आरशावरचं ओळखपत्र काढलं, वेणीचे सुकलेले तुकडे झटकले आणि निळी फीत गळ्यात घातली. मी खिडकीतून बघत होते. टँकरच्या केबिनमध्ये चढताना त्यांनी वर पाहिलं.

"बघितलात ना म्याडम," ते ओरडले, "राग उतराया लागला!"

मी हात हलवला. दुसरं काय करणार?

तासाभराने त्यांचा फोन आला. मागे पंपाचा आवाज येत होता आणि त्या आवाजावरून ते मोठ्याने बोलत होते.

"म्याडम, आत आलोय. आत सोडला मना."

मी म्हटलं, "बरं झालं, दादा." कुठल्या गेटाने, ते मी विचारलं नाही.